हसाजीभाऊंची हातबोशी

"बावीस वर्षं महाडच्या स्टँडावरून गाड्या सोडल्यात मी. सावित्रीला पूर असताना पोलादपूरची गाडी वेळेवर लावलीय. दहा माणसं एका खोलीत आणून बसवायची, हे काय काम झालं?"

असं म्हणून हसाजीभाऊ बिरवाडकरांनी हातातलं पत्र चहाच्या बशीखाली सरकवलं. त्यांच्या पत्नी रिबकाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गाडीत बसणाऱ्यांना कुठंतरी जायचं असतं. या दहांना कुठं जायचंय?"

हसाजीभाऊंना याचं उत्तर पुढे सुचलं, पण तोवर नऊ माणसांचे डोळे सुजले होते.

गोष्ट एक्याऐंशी सालची, पावसाळा सरतानाची. हसाजीभाऊ एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते, पण त्यांच्यातला कंट्रोलर काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. घरात आंघोळीचे नंबर ते पुकारून सांगत, आणि घरात माणसं होती दोन. मुलगा आणि सून इस्राएलला डिमोना गावी जाऊन सात वर्षं झाली होती. एकेकाळी महाडच्या बाजारात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची, वीस-पंचवीस घरं होती. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणत. मग एकेक घर विमानात बसत गेलं. मागे राहिली तीन घरं आणि बाजारामागच्या आळीतली त्यांची मशीद. कोकणातले बेने इस्राएल आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. त्यामुळे महाडात कुणी पाहुण्याने "मशिदीकडे घे" म्हटलं की टांगेवाला विचारायचा, "कंची? नमाजाची का शनवारची?"

या मशिदीत एका कपाटात मखमली आवरणात एक सेफेर होता. सेफेर म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, दोन दांड्यांवर गुंडाळलेला. हसाजीभाऊंच्या आजोबांनी तो मुंबईहून गलबताने आणि पुढे सावित्रीतून पडावाने महाडच्या बंदरात आणला होता. पाणी लागू नये म्हणून सबंध रस्ता मांडीवर घेऊन बसले होते म्हणे. मुलगा डिमोनाहून दर महिन्याला लिहायचा, "बाबा, आता या." हसाजीभाऊ दर महिन्याला उलट लिहायचे, "सेफेरला इथं कोण आहे?" या माणसाचा जीव त्या कपाटात होता, ही साधी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी.

आणि बशीखालच्या पत्रात नेमकं त्याच कपाटाबद्दल लिहिलं होतं. मुंबईच्या बेने इस्राएल मंडळाचे अध्यक्ष बिन्यामीनसाहेब नवगावकर यांनी टाइप करून कळवलं होतं, की महाड येथे सामुदायिक प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमत नसल्याचे समजते. गेल्या साली किप्पूरच्या उपासासही सहाच जण होते. सबब यंदा किप्पूरच्या सणास आपण स्वतः येऊ. दहा स्थानिक पुरुष न भरल्यास सेफेर सोबत घेऊन जाऊ, म्हणजे जिथे माणसे आहेत तिथे तो वाचला जाईल. कळावे.

"आपल्यात दोन्ही तालुके मिळून दहाच पुरुष उरलेत," रिबकाबाई म्हणाल्या. "अकरावा नाही. एक जरी आला नाही तर संपलं."

"म्हणूनच वेळापत्रक करायचं," हसाजीभाऊ म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. महाडात तीन: स्वतः हसाजीभाऊ आणि अब्राजी टेलर व त्यांचे भाऊ. बिरवाडीत तीन: पिठाच्या गिरणीवाले रहमाजी आणि त्यांचे दोन कारखान्यात जाणारे मुलगे. तुडीलला एक, शिमशोन मास्तर. पोलादपूरला तीन: ब्याऐंशी वर्षांचे मुसाजीकाका आणि त्यांचे दोन पुतणे. गुरुवारी बिरवाडी, शुक्रवारी तुडील, शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, म्हणून महाड, रविवारी पोलादपूर. बुधवारी संध्याकाळी सण लागणार. गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ होत्या आणि एसटीचा फुकट पास खिशात होता.

त्या आठवड्यात ते मशिदीला चुनाही देत होते. साहेबांना मशीद पांढरी दिसायला हवी. मदतीला शेजारचा गणू आला होता. गणू मुंबईला गिरणीत होता, अचानक रजेवर आला होता आणि दिवसभर काळा चष्मा लावून फिरत होता. मुंबईला गेलं की माणूस असंच करतो, असं म्हणून हसाजीभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. दोघांनी मिळून भिंती रंगवल्या आणि एकाच पंच्याला तोंड पुसलं.

गुरुवारी सकाळी रिबकाबाई म्हणाल्या, "अहो, तुमचे डोळे लाल दिसतात."

"चुना गेला असेल."

"दोन्हीत?"

"मी दोन्ही डोळे उघडे ठेवून रंगवतो," हसाजीभाऊ म्हणाले आणि साडेआठची बिरवाडी गाठायला निघाले.

इथे हातबोशी समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बेने इस्राएल मंडळी प्रार्थनेनंतर किंवा वडीलधाऱ्यांच्या भेटीत एकमेकांचे हात दोन्ही हातांत घेतात, सोडतात आणि आपली बोटं ओठांना लावतात. ही हातबोशी. घराच्या दारावर मेझुझा असतो, म्हणजे पवित्र वचनांचा कागद घातलेली छोटी नळी. जाता-येता तिलाही बोटं लावून ती ओठांना लावतात. महाडकडच्या मंडळींनी यात आपल्याकडची एक भर घातली होती. देवाधर्माची वस्तू नुसती ओठांना लावून त्यांचं समाधान होत नसे. ओठांनंतर बोटं डोळ्यांनाही लावायची, आणि चांगली दाबून लावायची.

बिरवाडीला रहमाजींच्या दारावरच्या मेझुझाला हसाजीभाऊंनी बोटं लावली, ओठांना लावली, डोळ्यांना लावली, आणि डोळे चुरचुरत होते म्हणून जरा चोळलीही. मग पुन्हा मेझुझाला लावली. रहमाजी पिठाने पांढरे झालेले बाहेर आले. हातबोशी झाली.

"डोळं का रं लाल?"

"चुना. मशीद रंगवतोय. ते सोड. साहेब येतायत. बुधवारी तुम्ही तिघं पाहिजेत."

रहमाजींनी डोकं खाजवलं. "पोरांची पाळी असती. आनि तो मुसाजी येनार का? तो येनार असंल तर मी नाय. बघू."

मुसाजीकाका आणि रहमाजी तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका मलिद्याला, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून एलियाहू नबीचे आभार मानायच्या विधीला, पहिली ताटली रहमाजींच्या हातात गेली होती. मुसाजीकाका वयाने मोठे. त्यांनी हात पुढे केला होता आणि तो तसाच राहिला होता. ताटली वाढली होती हसाजीभाऊंनी, पण हे दोघांच्याही लक्षात नव्हतं आणि हसाजीभाऊंनी आठवण करून दिली नव्हती.

"बघू" या शब्दाचा आमच्याकडचा अर्थ "नाही" असा आहे. हसाजीभाऊंनी आवाज चढवला नाही. त्यांनी रहमाजींचे दोन्ही हात हातांत घेतले आणि काकुळतीने म्हणाले, "रहमाजी, सेफेर जाईल रे. आणि जपून राहा. मुंबईत डोळ्यांची साथ आहे म्हणून पेपरात आलंय. कुणाच्या हाताला हात लावू नका. दुसऱ्याचा पंचा घेऊ नका." एवढं सांगेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी गिरणीतल्या खुंटीवरच्या पंच्याने पुसलं. पंचा रहमाजींचा होता. रहमाजींना वाटलं, हसाजी रडतोय. तेही जरा हलले. त्यांनी दोन्ही मुलांना बोलावलं आणि म्हणाले, "काकांना हातबोशी करा."

तुडीलच्या शिमशोन मास्तरांची गोष्ट वेगळी होती. मास्तर विज्ञान शिकवायचे. त्यांनी साथीचं ऐकल्याबरोबर उठून साबणाने हात धुतले, हसाजीभाऊंनाही धुवायला लावले आणि शाळेत तपासणी असल्यामुळे बुधवारचं नक्की सांगता येत नाही म्हणाले. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे झालं. मग हसाजीभाऊंनी डोळे चोळले, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निरोपाची हातबोशी केली. मास्तरांनी शास्त्र आणि धर्म यांची कधी गल्लत केली नव्हती. त्यांनी बोटं ओठांना लावली आणि श्रद्धेने डोळ्यांना लावली.

शनिवारी मशिदीत अब्राजी टेलर आणि त्यांचे भाऊ भेटले. दोघांनीही गिऱ्हाइकांचं कारण सांगितलं. रविवारी पोलादपूर. मुसाजीकाका ओटीवर बसले होते. त्यांना सगळ्या प्रार्थना पाठ होत्या आणि सगळे अपमानही.

"रहमाजी येनार हाय?"

"बघू म्हणालाय."

"मंग मीबी बघू म्हनतो." पण हसाजीभाऊ आजोबांच्या पडावाची गोष्ट सांगून पाया पडायला वाकले, तेव्हा म्हातारा विरघळला. त्यांनी हसाजीभाऊंचे दोन्ही हात धरले आणि आपल्या जुन्या पद्धतीने हातबोशी केली. ती तीनदा असायची. तीनदा ओठांना, तीनदा डोळ्यांना. पुतण्यांनीही तेच केलं.

रविवारी रात्री जेवताना हसाजीभाऊ म्हणाले, "नऊही जण बघू म्हणालेत. पण मनापासून म्हणालेत."

मंगळवारी सकाळी डोळे उघडेनात तेव्हा रिबकाबाईंनी त्यांना हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथला कंपाउंडर गोमाजी कांबळे हा हसाजीभाऊंचा जुना मित्र, पूर्वी रोज वरंध गाडीने यायचा. त्याने एक पापणी वर करून पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि कंट्रोलरच्या समोर कंट्रोलरसारखंच वाचायला लागला.

"हसाजीभाऊ, तुमी गुरवारी कुठं होता?"

"बिरवाडीला."

"शनवारी बिरवाडीची तिघं आली. बाप आनि दोन पोरं. डोळं टमाट्यावानी. शुक्रवारी?"

"तुडील."

"रविवारी तुडीलचं मास्तर आलं. शनवारी कुठं?"

"इथंच. मशिदीत."

"काल दोन टेलर. रविवारी?"

"पोलादपूर."

"पोलादपूरची तिघं आज साडेनवाच्या गाडीनं आलीत. पल्याडच्या बाकावर बसली हायत, हळू बोला," गोमाजी म्हणाला. "मी डाक्टरांना म्हनत होतो, साहेब, ही साथ एसटीनं फिरतेय, गाडीच्या टायमानं. पन पास कुनाकडं हाय ते आता कळलं."

"चुना होता रे गोमाजी," हसाजीभाऊ पुटपुटले.

"चुना एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जात नाय, भाऊ. पन एक बरं हाय. तुमच्या किप्पूरला सगळी दारं बंद करून आतच बसतात ना? बसा. आमचं दवाखान्याचं काम हलकं व्हईल."

गोमाजीच्या पोटात गोष्ट राहायची नाही. थेंब घालता घालता त्याने नवांपैकी प्रत्येकाला रजिस्टर वाचून दाखवलं होतं, किंवा संध्याकाळपर्यंत दाखवणार होता.

घरी आल्यावर हसाजीभाऊ डोळ्यांवर ओला बोळा ठेवून पडून राहिले. "धडधाकट होते तेव्हा बघू म्हणत होते," ते म्हणाले. "आता कशाला येतील? मीच माझ्या हाताने..." रिबकाबाईंच्या जिभेवर पुष्कळ काही होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि बोळा बदलला. चाळीस वर्षांच्या संसारात असं तीनदाच झालं होतं.

बुधवारी दुपारी बिन्यामीनसाहेब मुंबईच्या गाडीतून उतरले. पांढरा सूट, चांदीच्या मुठीची काठी, आणि टपावरून उतरलेली एक लांबलचक ट्रंक. हमालाने ती एका हाताने उचलली, कारण ती रिकामी होती. आत फक्त दुलई अंथरलेली होती. लहान बाळासाठी करावं तशी साहेबांनी त्या ट्रंकेत सेफेरला जागा केली होती.

"काळा चष्मा का, बिरवाडकर?"

"डोळे आलेत, साहेब. लांबूनच नमस्कार करतो."

"आणि बाकीचे नऊ?"

"त्यांचेही."

साहेबांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि सहानुभूतीने मान हलवली.

साडेचारला दोघं मशिदीत जाऊन बसले. मशीद पांढरीशुभ्र होती, दिवे पुसलेले होते, बाकं रिकामी होती. सूर्य बुडाला की किप्पूर लागणार होता. मग प्रवास नाही, अन्न नाही, पाणी नाही. त्याआधी जे येतील तेच. हसाजीभाऊ सवयीने दाराकडे कान लावून बसले. पाचला पोलादपूरची गाडी स्टँडात शिरल्याचा हॉर्न त्यांनी ओळखला. सव्वापाचला बिरवाडी. मग आळीत चपलांचा आवाज झाला.

दारात मुसाजीकाका उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि डोळ्यांवर पुतण्याच्या बायकोचा फुलाफुलांच्या काड्यांचा काळा चष्मा. त्यांचा हात धरून रहमाजी. तीन वर्षं न बोललेले ते दोघं एकाच बाकावर बसून स्टँडावर गप्पा मारत थांबले होते, कारण त्यांना बोलायला विषय मिळाला होता. मागे पुतणे. मागे रहमाजींचे मुलगे, त्यांतल्या एकाने कारखान्यातला वेल्डिंगचा चष्मा लावला होता. टेलरबंधू. सगळ्यांत शेवटी शिमशोन मास्तर, एका हातात साबण. मेझुझापाशी येऊन प्रत्येकजण थबकला आणि बोटं न लावता आत आला. नऊ.

हसाजीभाऊंना हुंदका आला. "आलात," ते म्हणाले. "सगळे आलात."

रहमाजी त्यांच्या कानाशी वाकून दातओठ खात म्हणाले, "किप्पूर लागला की तुला माफ करावं लागतं. म्हनून आदुगर आलोय. शिव्या द्यायला. सूर्य बुडायला अजून पाऊण तास हाय. त्या साहेबाला भायेर काढ."

ही यहुद्यांची रीतच आहे. किप्पूरला देव माणसाचे अपराध माफ करतो, पण माणसाचा माणसाशी झालेला अपराध आधी माणसांनी एकमेकांना माफ करायचा असतो. सण लागायच्या आत जाऊन माफी मागायची, आणि मागितली की द्यायची. राग काढायचा तर त्याआधीच. नवांचा राग सुजलेल्या डोळ्यांत मावत नव्हता, आणि प्रत्येकाने वाटेत आपापलं वाक्य तयार करून आणलं होतं.

पण बिन्यामीनसाहेब उभे राहिले होते. ते नऊ काळ्या चष्म्यांकडे पाहत होते. "बंधूंनो," ते म्हणाले, "मुंबईत आमच्या मशिदीत थोडा पाऊस पडला तर माणसं येत नाहीत. आणि तुम्ही या अवस्थेत, चाचपडत, कोसांवरून आलात. कशासाठी?"

कुणीच कशासाठी ते सांगितलं नाही.

"या सेफेरच्या प्रेमासाठी!" साहेब म्हणाले आणि भाषण सुरू झालं. खिडकीतून ऊन भिंतीवर चढत होतं. नऊ जण एकदा उन्हाकडे बघत, एकदा हसाजीभाऊंकडे. साहेब थांबले की रहमाजी तोंड उघडत, आणि तेवढ्यात हसाजीभाऊ नम्रपणे विचारत, "साहेब, आपल्या मुंबईच्या मशिदीची स्थापना कोणत्या साली झाली?" साहेब दहा मिनिटं स्थापना सांगत. "आणि जीर्णोद्धार?" साहेब जीर्णोद्धार सांगत. एका टेलरने रागाने मूठ आवळली, पण ती साहेबांना भक्तीच वाटली.

ऊन आढ्याला टेकलं तेव्हा साहेब म्हणाले, "आता एकमेकांची माफी मागू या, आणि सुरुवात करू."

हसाजीभाऊ सुटकेचा श्वास टाकून उठले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, वर्षभरात माझ्याकडून कळत-नकळत काही चुकलंमाकलं असेल तर..."

"तसं नाय," मुसाजीकाका म्हणाले. "काय चुकलं त्ये नाव घेऊन सांग. कपाटाकडं तोंड करून सांग."

हसाजीभाऊंनी कपाटाकडे पाहिलं. साहेबांसमोर खरं सांगितलं, की इथली माणसं प्रेमाने नाही, रागाने आली आहेत, तर ट्रंक भरलीच म्हणायची. आणि न सांगावं, तर ज्या सेफेरसाठी हे सगळं केलं त्याच्यासमोरच खोटी माफी मागायची. आजोबा तो मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा काढला.

"ही साथ मी आणली," ते म्हणाले. "तुमच्या नवांचेही डोळे माझ्यामुळे आले. मी घरोघर गेलो, हात धरले, आणि माझेच डोळे आलेत हे मला कळलं नाही. मानायचंच नव्हतं मला. आणि मुसाजीकाका, ती मलिद्याची पहिली ताटलीही मीच रहमाजींना दिली. त्यांनी मागितली नव्हती. मला माफ करा."

साहेबांच्या तोंडून एक उसासा निघाला.

"बघा," ते म्हणाले, "बघा हा माणूस. सगळ्या समाजाचं दुखणं यानं आपल्या डोक्यावर घेतलं. देवाने पाठवलेली साथ, आणि हा म्हणतो मी आणली! असली नम्रता मी साठ वर्षांत पाहिली नाही."

"नाही साहेब, खरंच मी..."

"पुरे, बिरवाडकर. सेफेर इथंच राहील. असा माणूस आहे तिथंच तो राहील."

नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. निदान चष्म्यांनी चष्म्यांकडे पाहिलं. तयार करून आणलेली नऊ वाक्यं जिभेवर होती. मुसाजीकाकांनी तोंड उघडलं. त्यांची नजर कपाटावर गेली. याच कपाटासमोर त्यांचं लग्न लागलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि मग ते म्हणाले, "हां साहेब. आमचा हसाजी तसाच हाय. समद्यांचं आपल्या अंगावर घेतो. आनि आपलं समद्यांच्या." मग हसाजीभाऊंकडे वळून, "जा. माफ."

"माफ," रहमाजी दातांतून म्हणाले.

"माफ," मास्तर म्हणाले, पण साबण खाली ठेवला नाही.

असे नऊ माफ झाले. हसाजीभाऊंच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं, आणि या वेळी ते साथीचं नव्हतं.

साहेबांना राहवलं नाही. ते पुढे आले, त्यांनी हसाजीभाऊंचे दोन्ही ओले हात आपल्या हातांत घेतले आणि हातबोशी केली. मग उरलेल्या नवांशी केली, एकेकाशी, मनापासून. मग बोटं ओठांना लावली. मग बोटं डोळ्यांकडे निघाली.

"साहेब, डोळ्यांना हात..." हसाजीभाऊ ओरडले.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "आमच्या मुंबईत नुसतं ओठांना लावतात. तुमची ही पद्धत फार सुंदर आहे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले अश्रू चांगले चोळून पुसले. खिडकीबाहेर सूर्य बुडाला.

किप्पूर छान झाला. सुजल्या डोळ्यांनी दहांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून मुसाजीकाकांनी दिवसभर पाठ म्हटलं आणि साहेबांनी सेफेर वाचला. गुरुवारी संध्याकाळी शिंग वाजलं आणि उपास सुटला. रिबकाबाईंनी काळ्या मनुकांचं सरबत आणलं. रहमाजींनी पहिला पेला उचलून मुसाजीकाकांना दिला. आता माफीचं बंधन उठलं होतं, शिव्या द्यायला हरकत नव्हती, पण दिवसभर उपाशी राहून कुणाच्यात जोर नव्हता. साहेबांनी तिथेच मंडळाच्या कागदावर लिहून सही केली, की महाडचा सेफेर महाडलाच राहील, दहा जण भरोत वा न भरोत. हसाजीभाऊंनी तो कागद कपाटात सेफेरच्या पायाशी ठेवला आणि पुष्कळ दिवसांनी शांत झोपले.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाड्यांनी बाहेरगावचे सात जण आपापल्या गावी गेले. साहेबांची मुंबईची गाडी नऊला होती. आठ वाजले तरी हसाजीभाऊंच्या घरी त्यांना दिलेल्या खोलीचं दार उघडलं नाही. सव्वाआठला आतून आवाज आला.

"बिरवाडकर."

"जी, साहेब."

"सकाळ झाली का?"

"झाली, साहेब. ऊन आलंय."

आत चाचपडल्याचा आवाज झाला. मग साहेब एकेक शब्द मोजून म्हणाले, "बिरवाडकर, परवा संध्याकाळी तुम्ही जे म्हणालात, ते नम्रपणे म्हणाला होतात, की खरोखर झालं होतं?"

हसाजीभाऊंनी रिबकाबाईंकडे पाहिलं. रिबकाबाई म्हणाल्या, "सांगा की. कागद तर झालाय. फाडायला तो आधी दिसायला पाहिजे."

"खरोखर झालं होतं, साहेब," हसाजीभाऊ दाराला तोंड लावून म्हणाले. "मी त्याच वेळी सांगत होतो. आपण ऐकलं नाहीत. मला माफ करा."

आतून साहेब जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिबकाबाईंनी कानांवर हात ठेवले. गणूच्या घरापर्यंत ऐकू गेलं. साहेबांना आठ दिवस तिथेच राहावं लागणार होतं, आणि हसाजीभाऊंच्या आता लक्षात आलं, की किप्पूर काल संध्याकाळीच संपला. माफी द्यायलाच लागेल असा पुढचा दिवस साडेअकरा महिन्यांवर होता.

तोवर दर चार तासांनी साहेबांच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. हसाजीभाऊंनी साबणाने हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि दार ढकललं.